उजव्या हाताचं पहिलं घर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाच्या पोटात गोळा यायला नको. मी ठणठणीत बरा आहे. आज सकाळी पोदेराच्या भट्टीतले दोन उंडे पाव चहात बुडवून खाल्ले, दुपारी बांगड्याचं हुमण झालं, आणि आता बायको आडवी झालीय हे बघून लिहायला बसलोय. ती जागी असती तर प्रत्येक वाक्याला तिची दुरुस्ती आली असती.

मी पाणी खात्यात नोकरीला. हळर्ण आणि आसपासच्या गावांना नळाचं पाणी वेळेवर सोडणं हे माझं काम. असा माणूस चिखलपाण्यातून आलेल्या लेप्टोने आडवा पडला, म्हटल्यावर गावाने ती मजा सोडली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी चेहरा लांब करायचा आणि निघताना हळूच विचारायचा, "मगे मोहन, नळाचा पाणी उकळून घेवचा काय आमी?"

आत्ता कुठल्यातरी वॉर्डात पिवळे डोळे घेऊन पडलेल्यांसाठी हे लिहितोय. रोगाची माहिती तुम्हाला डॉक्टर देतीलच. मी सांगणार ते एवढंच, की भीती कशी वाटते, ती कशी जाते, आणि एका अभ्यासाच्या नियमाने मला नको त्या दारात कसं नेऊन उभं केलं.

नको ते दार

ते दार बाबलोचं. बाबलो माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा थोडा धाकटा. लग्न केलं नाही. एकटाच राहतो, नारळाचा धंदा करतो. पूर्वी आमचं घर एकच होतं. वाटणी झाली, मध्ये दगडांचा गडगा आला आणि दोन दारं झाली. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं शिगम्याने.

आमच्याकडे शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, ढोल-ताशे वाजवत मेळ घरोघर जातो, त्याला रोमट म्हणतात. कुठल्या घरी आधी जायचं हा मानाचा प्रश्न असतो, आणि मानासाठी आम्ही पेडण्याची माणसं जेवणसुद्धा सोडू. थोरलं घर म्हणून मान आमचा, असं माझे वडील म्हणत. रोमट ज्या वाटेने येते त्या वाटेवर पहिलं दार लागतं ते बाबलोचं, म्हणून मान आपला, असं काका म्हणत. एका वर्षी ढोल आधी काकांच्या अंगणात वाजला. त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली. पुढे वडील गेले, काका गेले, पण अबोला तेवढा आम्ही दोघांनी नीट जपून ठेवला. लहानपणी आम्ही एकाच पानात जेवत होतो, हे आमच्या दोघांशिवाय सगळ्या गावाच्या लक्षात होतं.

बांध

त्या पावसाळ्यात नदीकाठच्या शेतांचा बांध फुटला. अशा वेळी नोकरीवाला, धंदेवाला असं काही राहत नाही, हात असलेला प्रत्येक जण जातो. मीही गेलो. दोन दिवस आधी पत्र्याने टाच कापली होती, तिच्यावर फडकं गुंडाळलं होतं, ते चिखलात कधी सुटून गेलं कळलंही नाही. खिंडाराच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला बाबलो. तो माझ्याकडे पाठ करून माती टाकत होता, मी त्याच्याकडे. संध्याकाळपर्यंत बांध मधोमध जुळला, आणि आम्ही दोघे दोन वाटांनी घरी आलो.

आठवडा उलटला आणि मला थंडी भरली.

डोळे पिवळे

पहिले दोन दिवस मी त्याला साधा ताप म्हणत होतो. मग पिंढऱ्या अशा दुखायला लागल्या, की सुलभाने (म्हणजे माझ्या बायकोने) तेल लावायला हात लावला तर मी ओरडलो. डोळे लाल झाले. तिसऱ्या दिवशी तिने मला जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, तोंड करून बसवलं, पापणी खाली ओढली आणि काहीही न बोलता आत जाऊन पिशवी भरायला घेतली. तिचं न बोलणं मला तापापेक्षा जास्त लागलं. बोलायची थांबलेली सुलभा मी लग्नापासून पाहिली नव्हती.

गाडी आली. मला उचलून घातलं. पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत लघवी जवळजवळ बंद झाली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त तपासायला पाठवलं, परत आला आणि म्हणाला, "लेप्टो वाटतंय. मूत्रपिंडं रुसलीत. औषध आत्ताच सुरू करतोय." रुसलीत हा शब्द त्याने मला धीर द्यायला वापरला असणार. पण मला रुसणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. आमच्या घराच्या उजव्या अंगाला वर्षानुवर्षं रुसलेला माणूस राहत होता आणि तो काही परत आला नव्हता.

त्या दिवशी मी घाबरलो. साधासुधा नाही, पार गळून गेलो. सुलभा पायाशी बसली होती आणि मी मनात ठरवत होतो, की हिला पंपघरातल्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगून ठेवायला हवं. मरणाच्या दारात माणसाला मोठमोठे विचार सुचतात म्हणे. मला किल्ली सुचली.

मापाचं भांडं

वॉर्डातला दिवस एका प्लास्टिकच्या भांड्याभोवती फिरायचा. त्यावर रेघा होत्या. माझी लघवी त्यात मोजायची. सकाळी सिस्टर यायच्या, भांडं उजेडाकडे धरायच्या, आणि माझं नशीब त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं. दोनदा मला त्या रक्त धुणाऱ्या यंत्रालाही जोडलं. यंत्राचा आवाज अगदी माझ्या पंपासारखा. कानाला ओळखीचं काहीतरी मिळालं म्हणून असेल, पण मी तिथे शांत झोपायचो.

मग एका सकाळी भांडं वरपर्यंत भरलं. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते अख्ख्या वॉर्डाला दाखवलं. समोरच्या पलंगावरच्या डिचोलीच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. एवढं कौतुक मला शाळेतसुद्धा कधी मिळालं नव्हतं. सुलभा रडली, मग हसली, मग म्हणाली, "पाणी सोडूचा काम शेवटी जमला तुमका." त्या वाक्याला मी मनातून बरं झाल्याची तारीख मानतो.

आजारी माणसाला माझं एवढंच सांगणं आहे: लाज सोडा. ज्या गोष्टींचा उच्चार आपण चारचौघांत करत नाही, त्यांच्यावरच तिथे सगळ्यांचा आनंद अवलंबून असतो.

सोडणांची रास

घरी आलो तेव्हा अंगात पेज गिळण्यापुरतीच ताकद होती. सुलभाच्या अंगात मात्र भरपूर होती, आणि ती बाहेर पडायला वाट शोधत होती. लेप्टोचा जंतू उंदरांच्या मुतातून पसरतो, हे तिला इस्पितळात कळलं होतं. बाबलोच्या अंगणात, गडग्याला लागून, नारळ सोलून उरलेल्या सोडणांची मोठी रास असते. राशीत उंदीर असतात. झालं. रोज संध्याकाळी ती गडग्याजवळ उभी राहून तुळशीला ऐकवायची, "लोकांची रास आणि आमच्या माणसाचो जीव."

पलीकडून उत्तर यायचं नाही. मीही काही बोलायचो नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. आजारी पडलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि कारणाला चेहरा असला तर फारच बरं वाटतं.

डॉक्टरबाई

मग डॉक्टर अनघा आल्या. मूळच्या डिचोलीच्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. लेप्टो कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि का, याचा अभ्यास त्या संख्याशास्त्राने करत होत्या. आमच्या व्हरांड्यात बसून त्यांनी मला समजावलं.

"मोहनबाब, तुम्ही आजारी पडलात. तुमच्याच वयाचा, तुमच्याच वाड्यावरचा दुसरा कुणीतरी पडला नाही. मग दोघांत फरक कशाचा? असे पुष्कळ आजारी आणि पुष्कळ निरोगी जोडीने समोर ठेवले, की फरक दिसायला लागतो. मला तुमच्यासाठी एक निरोगी जोडीदार हवाय. यंदा ताप न आलेला."

"डावीकडचो शिवा आसा," मी म्हणालो. "माझो मित्र. आता हाक मारतंय."

"नाही, नाही. तुम्ही निवडायचं नाही आणि मीही निवडायचं नाही. नियम ठरलाय. तुमच्या दाराकडे पाठ करून उभं राहायचं, उजवीकडे वळायचं, आणि पहिल्या घरापासून विचारत जायचं."

उजवीकडचं पहिलं घर बाबलोचं. मग सुलभा म्हणाली, "थंय कोण रवणत नाय."

तेवढ्यात गडग्यापलीकडे कुकरची शिट्टी झाली. लांबलचक झाली. डॉक्टरबाईंनी सुलभाकडे पाहिलं, सुलभाने तुळशीकडे पाहिलं.

"वैनी," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "आवडीची घरं घेतली आणि नावडती सोडली, तर आलेलं उत्तर आवडीचंच असणार. खरं असेल असं नाही."

मी विचारलं, "पण एका जोडीवरून कळतलां काय, कोणाचो दोष तो?"

"एका जोडीवरून काहीच कळत नाही. एका जोडीवरून फक्त भांडण होऊ शकतं."

त्यांना आमच्या घरची गोष्ट ठाऊक नव्हती. तरीही सुलभाने चहाचे कप उचलले आणि पुन्हा बाहेर आली नाही.

सुई

डॉक्टरबाई आमच्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, उजवीकडे वळल्या, आणि बाबलोच्या अंगणात शिरल्या. मी खुर्ची गडग्याला लावून बसलो. सुलभा कपडे वाळत घालायला आली. कपडे ओले नव्हते.

बाबलो ऐकून घेत होता. मला वाटलं, हाकलून देईल. तुळशीला ऐकवलेलं सगळं त्याने रोज ऐकलं होतं. पण तो म्हणाला, "दादाक उपयोग होतलो मा?"

"त्यांना थेट नाही. पण पुढे खूप लोकांना होईल. यंदा ताप आला होता का तुम्हाला?"

"माका खंयचो ताप? धडधाकट आसंय. विचारा काय ता."

मला विचारले तेच प्रश्न, त्याच शब्दांत. माझी उत्तरं लांबलचक होती. पलंगावर पडल्या पडल्या मी त्या पंधरवड्याचा क्षण न् क्षण उकरून काढला होता. बाबलोचं आपलं "हय" आणि "नाय". मग बाईंनी त्यालाही आठवायला लावलं. बांध फुटला त्या दिवशी कुठे होता? "बांधार." पायांत काय होतं? "काय नाय." पायाला कापलं होतं? "नारळ सोलताना नेहमीच कापता. त्यात काय." रास किती जुनी? तो गडग्याकडे बघून म्हणाला, "बापाशीच्या येळेपासून." गडग्याच्या अलीकडे सुलभाने एक कोरडा टॉवेल दुसऱ्यांदा झटकला.

शेवटी रक्त द्यायचं होतं. बाईंबरोबरच्या सिस्टरने सुई काढली. बाबलो माडावर खारीसारखा चढतो. त्याने सुईकडे पाहिलं, डोळे फिरवले आणि खुर्चीतून सरळ खाली.

मी उठेपर्यंत सुलभा गडग्याच्या खिंडीतून पलीकडे पोचली होती. कांदा कधी घेतला, कधी फोडला, देव जाणे. त्याच्या नाकाशी तो धरून ती ओरडत होती, "मेल्या, येवढो मोठो झालंस आणि सुयेक भियातंस?"

मी काठी टेकत मागून पोचलो. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं. इतक्या वर्षांत काय काय बोलायचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "हात दी हकडे." त्याने दिला. मी तो धरून ठेवला आणि सिस्टरने दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. त्याचा तळवा लहानपणी होता तसाच घामट होता. मला इतका आनंद झाला, की मी तोंड फिरवून त्याच्या माडांकडे बघत राहिलो.

जोडी फुटते

त्यानंतर तो रोज शहाळं आणून व्हरांड्यात ठेवायचा. ठेवायचा आणि जायचा. आत यायचा नाही. मी बोलवायचो, "नंतर येतंय" म्हणायचा. मीही त्याच्या घरी गेलो नव्हतो. गडग्यावरून मात्र बोलणं सुरू झालं होतं. पुढचं पाऊल आधी कुणी टाकायचं, हाही एक मानाचाच प्रश्न होऊन बसला होता.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाई परत आल्या. बाबलोलाही त्यांनी आमच्या गडग्याशी बोलावलं.

"थोडी पंचाईत झाली," त्या म्हणाल्या. "बाबलोबाबांच्या रक्तात खुणा सापडल्या. जंतू यांच्याही अंगात येऊन गेलाय. कधी, ते रक्त सांगत नाही. आता तुम्हीच सांगा, खरंच ताप आला नव्हता?"

बाबलोने मान खाली घातली. मग म्हणाला, "इल्लो."

"कधी?"

"दादाक गाडयेत घातलो, तेवा." तो माझ्याकडे न बघता सांगत होता. "मी जनेलाकडे उबो होतंय. हुडहुडी भरली होती. चार दिवस पडलंय. मगे गेलो आपसूक."

"आणि कोणाक सांगूक नाय?" सुलभाचा आवाज बदलला होता.

"कोणाक सांगू? घरात कोण आसा?"

मला गाडीत घालताना गर्दी जमली होती. त्या गर्दीच्या पलीकडे, दहा पावलांवर, तोच ताप अंगावर घेऊन तो उभा होता. माझ्यासाठी सिस्टर होत्या, यंत्र होतं, टाळ्या वाजवणारा म्हातारा होता. त्याच्यासाठी कुकर होता. माझ्या छातीत जे दुखलं ते कुठल्याही पिंढरीपेक्षा जास्त दुखलं.

"पण मग खोटं का सांगितलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खरा सांगलेला, तर तुमी फुडल्या घराक गेला असतास. दादाचो जोडीदार दुसरोच कोण तरी झालो असतो."

डॉक्टरबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "बाबलोबाब, रक्त तपासलं म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं ठाऊक आहे? दोघेही उघड्या जखमांनी त्याच चिखलात, आणि माझ्याकडे एक आजारी, एक निरोगी. अशी माणसं वाढली तर चिखलाचा काही दोष नाही, असंच उत्तर निघालं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता यांना निरोगी धरता येत नाही. अभ्यासापुरती तुमची जोडी फुटली."

"फुटली कशी?" सुलभा उसळली. "आताच तर जुळली!"

डॉक्टरबाईंना नियमाप्रमाणे पुढच्या घरी जावं लागलं. पुढच्या घरचा कुष्टा तयार झाला. त्याआधी बाबलोने त्याला अंगणात उभं करून ताप लपवू नये यावर मोठं भाषण दिलं.

अभ्यास पुरा झाल्यावर बाईंनी देवळाच्या मंडपात गावाला सांगितलं, की उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यात उतरलेले लोक आजाऱ्यांत जास्त दिसले. तेव्हा जखम झाका, रबरी बूट घाला, ताप आला तर अंगावर काढू नका. सुलभाने हात वर केला. "आणि सोडणांची रास?"

"राशीबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही."

"म्हणजे राशीचो दोष नाय?"

"तसंही नाही, वैनी. दोष आहे असंही दाखवता आलं नाही, आणि नाही असंही."

सुलभाला हे अजिबात आवडलं नाही. बाबलोने रास दुसऱ्या दिवशी आपणहून परसाच्या पार टोकाला नेली, आणि ती वाहायला सुलभाने मदत केली. दोघांनीही रबरी बूट घातले होते.

रोमट

शिगमा आला. मी कामावर रुजू झालो होतो, नळाला पाणी वेळेवर येत होतं. रोमट आमच्या वाड्यावर पोचली आणि दोन दारांच्या मध्ये दरवर्षीसारखीच अडखळली. ढोलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी खाकरून घेतलं.

बाबलो त्याच्या अंगणातून पुढे आला. आता पुन्हा तेच, असं मला वाटलं. तो ढोलवाल्यांसमोर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "डॉक्टरांचो नियम आसा. आधी दादाचा दार. मगे त्या दाराक पाठ करून उजवीकडे वळायचा, थंय पयला घर माझा. कोणी निवडूचा नाय."

लोक इतके हसले की ताशा वाजवणाऱ्याच्या हातातून काडी पडली. ढोल आमच्या अंगणात वाजला. सुलभाने ओवाळलं, नारळ दिला. मग सगळी रोमट आमच्या दाराकडे पाठ करून उजवीकडे वळली, आणि तिच्याबरोबर मीही वळलो. गुलाल डोळ्यांत गेला होता म्हणा, किंवा दुसरं काही, मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

ढोल थांबल्यावर लोक पुढे गेले. मी त्याच्या उंबऱ्याशी उभा राहिलो, सवयीने बाहेरच. बाबलोने रोमटीसाठी उंबऱ्यात लावलेली समई उचलून बाजूला केली, मला वाट करून दिली आणि म्हणाला, "दादा, भितुर ये. आता खराच ताप नाय."